अठ्ठाविसावा दिवस

एकशे चौदा नंबरच्या खोलीतला म्हातारा लोवेल महिन्यातून एकदा आपलं बिऱ्हाड पाठीवर घ्यायचा. एक बॅग, एक रेडिओ आणि टोमॅटोचं रोप लावलेली बादली. दोन रात्री तो आपल्या खटारा गाडीत काढायचा आणि तिसऱ्या दिवशी त्याच खोलीत परत यायचा. इकडे तीस दिवस सलग राहिलेला पाहुणा भाडेकरू ठरतो, मग त्याला सहजासहजी हलवता येत नाही. म्हणून अठ्ठाविसाव्या दिवशी बाहेर! कॅलिफोर्नियातल्या त्या महामार्गावर कनुभाई पटेलांनी मोटेल घेतलं तेव्हापासून हा शिरस्ता होता, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

एप्रिलातल्या त्या रविवारी सकाळी कनुभाईंची बायको रमीलाबेन चादरींची ढकलगाडी घेऊन एकशे चौदाशी आली, तेव्हा लोवेल बादली उचलत होता.

"मिसेस पटेल, फळं धरलीत हो याला. गाडीत उन्हानं करपेल."

"मी तरी काय करू? कायदाच तसा आहे."

"कायदा तर मला राहू द्या म्हणतो," म्हातारा हसत म्हणाला. "म्हणून तर तुम्ही मला बाहेर काढता."

"बरं, रोप राहू दे. मी पाणी घालीन," ती म्हणाली आणि बादली तिनं त्याच्या हातून जवळजवळ हिसकावून घेतली. रोप राहिलं आणि माणूस गेला. ती मुकाट्यानं पलंगाची चादर ओढू लागली.

या चादरी गेल्या वर्षीपर्यंत तिची सून कृपाली बदलायची. रोजच्या चौदा खोल्या, वर रात्रीचा स्वयंपाक. आणंदजवळच्या गावातून लग्न होऊन आलेली पोर, कामाला वाघीण. आल्यावर तिला मिळालं ते दोन वर्षांचं कच्चं ग्रीन कार्ड. दोन वर्षं भरायच्या आधीच्या तीन महिन्यांत नवरा-बायको दोघांनी मिळून अर्जावर सही करायची, मग ते पक्कं होतं. तोपर्यंत सूनसुद्धा कच्चीच!

वर्ष झालं आणि तिकडे गावी कनुभाईंच्या आईचं, बाचं, खुब्याचं हाड मोडलं. "बाच्या सेवेला तीन महिने राहा," असं सांगून रमीलाबेन आणि मुलगा निकुंज कृपालीला जून महिन्याअखेरीस गावी सोडून आले. तीनाचे सहा झाले, सहाचे नऊ व्हायला आले. मार्चच्या सुरुवातीला बा गेल्या. आता सेवा कुणाची? तर कनुभाईंनी फोनवर फर्मावलं, "वरसी होईपर्यंत घरात दिवा लागला पाहिजे. सून असताना दिवा दुसरं कोण लावणार?" म्हणजे वर्षश्राद्धापर्यंत, आणखी एक वर्ष. आणि कार्डाची मुदत दहा जूनला संपत होती.

इथल्या गुजराती मंडळाच्या हॉलमध्ये बायका रमीलाबेनला म्हणायच्या, "काय नशीबवान आहात हो! आजकाल अशी सून मिळते का?" ती मान खाली घालून प्रसादाच्या वाट्या लावायची. लोकांना तो विनय वाटायचा.

चादरी धुवायला टाकून ती ऑफिसमागच्या स्वयंपाकघरात आली. बाप-लेक जेवणाच्या टेबलाशी बसले होते. तिनं तवा ठेवला आणि थेपले लाटायला घेतले.

"एकशे चौदा गेला?" कनुभाईंनी विचारलं.

"गेला."

"छान. हक्क लागायच्या आधी माणूस बाहेर असला की कटकट नाही, भांडण नाही."

"पप्पा, आपली दुसरी खोलीपण जूनमध्ये रिकामी होईल," निकुंज फोनवरून नजर न काढता म्हणाला आणि खुदकन हसला. "दहा तारीख उलटू दे, कार्ड बाद. कोर्ट नाही, कचेरी नाही. मग मी अटलांटाची मुलगी घरी आणतो."

कनुभाईही हसले. "हा खरा मोटेलवाल्याचा मुलगा!"

तव्यावरचा थेपला जळला. रमीलाबेननं तो उलटला नाही. मुलाच्या बोलण्याचं तिला नवल नव्हतं. त्याचं मन तिला कधीचंच कळलं होतं. आपणही त्या हसण्यात आहोत, हे तिला आत्ता दिसलं. गावाहून परत निघायच्या आदल्या दिवशी निकुंज तिच्या कानाशी येऊन म्हणाला होता, "मम्मी, तिच्या पर्समधलं कार्ड काढून घे, गावात हरवेल." कृपाली चुलीशी बाचं पाणी तापवत होती तेवढ्यात हिनं पर्स उघडली होती. मुलाच्या नव्हे, हिच्या हातांनी. आणि पुढं पोरीनं फोनवर रडवेल्या आवाजात विचारलं, "मम्मी, माझं कार्ड सापडत नाही," तेव्हा हीच म्हणाली होती, "तूच कुठेतरी ठेवलं असशील. नीट शोध." दर रविवारी हेच. कोठ्या शोधून झाल्या, गाद्या झाल्या, बाचं देवघर झालं.

कसली आई आणि कसली सासू! शी! तिला स्वतःची किळस आली.

तिनं गॅस बंद केला, ऑफिसात गेली आणि लोखंडी कपाट उघडलं. पाहुण्यांच्या विसरलेल्या वस्तूंच्या डब्यात, एक घड्याळ आणि दोन चष्मे यांच्याखाली ते कार्ड होतं. फोटोतली कृपाली नवी नवरी होती, केसांत अजून तेल चोपडलेलं. रमीलाबेन ते घेऊन टेबलाशी आली.

"मी गावी जातेय. तिला घेऊन येते."

निकुंजनं फोन खाली ठेवला. "मम्मी, वेड लागलंय का तुला? मी सही करणार नाही हं, सांगून ठेवतो."

"नको करूस. नवऱ्यानं छळलेल्या बाईला एकटीनंही अर्ज करता येतो. मंडळातल्या वकीलबाईंना मी दीड महिन्यापूर्वीच विचारलंय." हे बोलताना तिची मान खाली गेली. दीड महिना! विचारूनही ती गप्प बसली होती. "साक्षीला मी उभी राहणार. कार्ड कुणी काढून घेतलं ते माझ्याच तोंडानं सांगणार."

"अगं, लोक काय म्हणतील?" कनुभाई ताडकन उठले. "स्वतःच्या मुलाविरुद्ध?"

"लोक मला साडेनऊ महिने नशीबवान म्हणताहेत. आता खरं ते म्हणू देत."

"ती आपली पाहुणी नाही, रमीला. घरचा मामला आहे हा."

"पाहुणीच होती हो! तुम्ही, मी, यानं, सगळ्यांनी मिळून तिला पाहुणी केली. लोवेल निदान तिसऱ्या दिवशी परत तरी येतो."

इतक्यात फोन वाजला. दर रविवारी याच वेळी कृपालीचा फोन यायचा, तिकडे रात्रीची जेवणं आटोपली की.

"मम्मी, जय श्रीकृष्ण. कशा आहात? एकशे बाराचा नळ दुरुस्त झाला का?"

"कृपाली, ऐक." रमीलाबेन फोन घेऊन मागल्या दारी गेली. "तुझं कार्ड माझ्याकडे आहे. हरवलं नव्हतं. मीच घेतलं होतं, तू पाणी तापवत होतीस तेव्हा. मी येतेय बेटा, या आठवड्यात. दहा जूनच्या आत तुला इथे पोचवते. पुढं या घरात राहायचं की नाही ते तुझं तू ठरव."

पलीकडून दूरवर गावातल्या देवळाची घंटा तेवढी ऐकू येत होती.

"रागाव ना माझ्यावर. काहीतरी बोल!"

"मला माहीत होतं, मम्मी," कृपाली हळूच म्हणाली. "खिडकीच्या काचेत तुम्ही दिसत होतात."

"मग... मग इतके महिने शोधत का होतीस गं?"

"तुम्ही शोध म्हणालात म्हणून. खरं बोलले असते तर तुम्हाला तोंड लपवावं लागलं असतं. म्हटलं, मम्मीच आहेत, आज ना उद्या आणतील. मी येईन. पण त्या घरात नाही. खोल्या झाडायला तर नाहीच."

"नको येऊस या घरात," रमीलाबेन म्हणाली आणि पायरीवर बसून ढसढसा रडली. पदराचं टोक तोंडात कोंबलं तरी हुंदका थांबेना. शेजारी लोवेलची बादली होती. तिला सकाळपासून पाणी घालायचं राहूनच गेलं होतं.

कुटुंबाच्या नावानं आणि सेवेच्या नावानं माहेरदेशी ठेवलेल्या अशा सुना थोड्या नाहीत. तुमच्या ओळखीच्या घरात एखादी असेल, तर तिचं कौतुक करण्याआधी एवढंच विचारा, तिची कागदपत्रं कुणाच्या कपाटात आहेत? आणि उत्तर देणारं माणूस मान खाली घालून वाट्या लावू लागलं, तर त्याला विनय समजू नका.