थंड रत्नागिरीचा नकाशा

पडद्यावर नकाशा लागला आणि मार्केटजवळच्या हॉलमध्ये, व्यापाऱ्यांच्या सभेत, टाळ्या पडल्या. रुचिराच्या मस्तकात तिडीक गेली. आपलं शहर थंड आहे हे ऐकून, घामाने निथळत टाळ्या पिटणारी माणसं ती पहिल्यांदाच बघत होती.

नकाशा उपग्रहाचा, मे महिन्यातल्या भर उन्हातला. शहराबाहेरचा कातळाचा सडा लालभडक, शहर मात्र पिवळट. "बघा," पार्किंगच्या ठेकेदाराचा सल्लागार हर्षद म्हणाला, "शहर गावापेक्षा चार अंशांनी थंड. मार्केटसमोरची झाडं पार्किंगसाठी तोडली तर काडीचा फरक पडणार नाही."

त्याच झाडांखाली रुचिराची आत्या धोंडूबाई जन्मभर मासळी विकत आली. तिच्या मासळीच्या पाटीवर रुचिरा शिकली, कॉलेजात भूगोल शिकवू लागली. सावली गेली की आत्याचा धंदा बसला. उन्हात मासळी तासभर टिकत नाही.

ती उठली. "गाव म्हणून काय धरलंत तुम्ही? सडा! उघडा कातळ! मे महिन्यात गुरंसुद्धा तिथे पाय ठेवत नाहीत. तापल्या तव्याशी तुलना केली तर कुणाचीही चूल थंडच ठरेल. रात्रीचा नकाशा लावा. तेव्हा सडा निवलेला असतो आणि तुमचं काँक्रीट धगधगत असतं. थंड ठिपका फक्त या झाडांचा."

"मॅडम, तो आमच्या अहवालात नाही."

"नाही कसा? उपग्रह तुमच्या पगारावर आहे?"

"गो बाय," हार्डवेअरवाला चिंतामणी मागून ओरडला, "उपग्रह पण तुज्या आत्येकडनंच म्हावरं घेतो काय?"

हॉल खदखदून हसला. हात वर झाले. झाडं तोडायचं ठरलं. ठरावावर सह्या जेवणानंतर.

रुचिरा बाहेर आली. सगळ्यांच्या गाड्या त्याच झाडांखाली लावलेल्या. हर्षदची पांढरी गाडी तर ऐन बुंध्याशी. थंड शहरातले लोक एकेक करून सावलीतून गाड्या काढून जेवायला निघाले.

"हसले ना गो मेले?" पाटीमागून धोंडूबाईने विचारलं.

"हसले. आत्ये, रिकामे क्रेट किती आहेत?"

जेवून मंडळी परतली, तेव्हा रस्त्याच्या कडेपासून बुंध्यापर्यंत सगळी सावली क्रेटनी अडवलेली. त्यांवर कोळणी बसलेल्या, हातात कोयते, पुढ्यात बांगडे.

"मी काय उन्हात लावू?" चिंतामणीने स्कूटर थांबवली.

"लाव की," रुचिरा म्हणाली. "चार अंशांनी थंड आहे."

हर्षदने काच खाली केली. "मॅडम, हे बेकायदेशीर आहे."

"मग सड्यावर लावा. नाहीतर तुमच्या नकाशावर लावा. जागा भरपूर आहे तिथे."

त्याने काच वर केली आणि गाडी उन्हात उभी करून तरातरा आत गेला. चिंतामणी मात्र घुटमळला. त्याने स्कूटर उन्हात लावली, थोडा वेळ हॉलच्या दाराकडे बघत राहिला, मग सीटवर तळवा टेकवला आणि झटक्यात मागे घेतला.

"धोंडूबाय... सही नाय केली तर?"

"आत जाऊन तसं बोल," रुचिराने सांगितलं. "मोठ्यानं. मघाशी बोललास तसं."

तो दाराशी जाऊन थबकला. आतून हर्षदचा आवाज येत होता. चिंतामणीने घाम पुसला आणि उंबऱ्यावरूनच ओरडला, "ओ साहेब, माजा हात खाली!"

धोंडूबाईने पायाने स्कूटरपुरता एक क्रेट बाजूला सारला. एकच.

रुचिरा हसली नाही. आत अजून बरेच हात वर होते. रात्रीचा नकाशा असलेला आपला लॅपटॉप उचलून ती पुन्हा हॉलकडे निघाली.