चौथं बटण

मास्तरांच्या हातात ताकद होती, हीच मोठी चेष्टा होती. मेंदूला झटका आल्यावर तीन महिन्यांत भरलेली बादली उचलायला लागले. पण शर्टाचं बटण लावायचं म्हटलं की हात बावचळायचा. बोटं काजाजवळ जाऊन परत यायची, जणू कशाला आलो तेच विसरली. चाळीस वर्षं शिवणकाम केलेला माणूस. चौथं बटण सूतभर खाली लागलं म्हणून त्यांनी एकदा गिऱ्हाइकाला भर रस्त्यातून परत बोलावलं होतं.

संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उदासीवरची एक जुनी गोळी आहे; हालचाल पुन्हा जुळवायला तिचा उपयोग होतो का, ते तपासतोय. हाताच्या दुखण्याला मनाची गोळी, हे बायकोच्या काही गळी उतरेना. पण दुसरं कुणी काही देतही नव्हतं. मास्तरांना सही जमली नाही, त्यांनी अंगठा दिला.

दर पंधरवड्याला टेबलावर पाच बटणांची पट्टी यायची आणि बाई घड्याळ लावायच्या. मग विचारायच्या, झोप लागते का, रडू येतं का. बायकोनं घरी चिंध्यांची तश्शीच पट्टी शिवली. रोज संध्याकाळी दोघं ती घेऊन बसायची. दोन बटणांवर गाडी अडायची. मास्तर पट्टी भिरकावायचे, रडायचे, आणि तिनं मदतीला हात पुढे केला की झिडकारायचे.

सहाव्या आठवड्यात रडणं थांबलं. गोळी लागू पडली, असं वाटून ती हरखली. आठव्यात मास्तर पट्टीकडे बघून हसले आणि म्हणाले, "तूच लाव की."

शेवटच्या तपासणीला बाईंनी कागद चाळले. "बटणं दोनच. पहिल्या दिवशी होती तेवढीच. पण मन छान सुधारलंय."

"आणि हात?"

"आता फार आशा ठेवू नका, ताई."

"गोळी बंद केली तर ते पुन्हा रडतील का हो?"

"नाही, नाही. हळूहळू कमी करू. घाबरू नका," बाई मायेनं म्हणाल्या. ते आता रडणार नाहीत, तिला नेमकं त्याचंच वाईट वाटलं. रडणारा माणूस तिचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर अंगात शर्ट चढवून, हनुवटी वर करून तिच्यासमोर उभे राहिले. माप द्यायला आल्यासारखे, निवांत. तिनं तीन बटणं नीट लावली. चौथं मुद्दाम पाचव्या काजात घातलं. शर्ट छातीवर तिरका ओढला गेला. तिनं त्यांना आरशापुढे नेलं आणि वाट पाहिली. ओरडावं, हात झटकावा, काहीतरी करावं.

मास्तरांची नजर खाली आली आणि बरोबर चौथ्या बटणावर थांबली. त्यांना दिसलं होतं.

"बघा ना नीट," ती म्हणाली.

"चालतंय गं. कोण बघतंय?"