मतदान केंद्रातला फळा

मी गोव्यातल्या लाटंबार्से गावच्या एका बंद शाळेचा फळा बोलतोय. वर्गात पाली आहेत, छपरावर माकडं. माणूस कोणी नाही, म्हणून तुम्हीच ऐका.

डिचोलीच्या एका सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवलं. पुष्कळ वर्षं माझ्यावर बाराखडी आणि पाढे नांदले. मग मुलं कमी होत गेली. शेवटच्या वर्षी शालिनीबाई संध्याकाळी गावातल्या वाडीवरच्या बायकांना शिकवायच्या. पंचायतीची निवडणूक जवळ आली होती, म्हणून त्यांनी माझ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: मतदार, उमेदवार, पक्ष, चिन्ह.

"बाई, पक्ष म्हणजे पितरांचो न्हय मगे?" काजूच्या बागेत राबणाऱ्या शेवंतीने विचारलं.

"न्हय गो. एका विचाराची माणसं एकत्र येतात, तो पक्ष. तो सोडून दुसरीकडे गेली, की पक्षांतर."

"आनी विचार नसतानाच गेली तर?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. बाईंनी माझ्यावरचा 'पक्ष' हा शब्द पुसून टाकला.

"पंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं," त्या म्हणाल्या. "तिथे कुणीही उभं राहू शकतं. तूसुद्धा."

शेवंती खरंच उभी राहिली. शाळा बंद होऊ नये, एवढंच तिचं मागणं. तिचा नवरा रघुनाथ विरुद्धच्या उमेदवाराचा ट्रक चालवायचा. नोकरी जाईल या भीतीने तो त्याच्याच प्रचारात फिरला. घरात दोघांचं बोलणं बंद झालंय, असं बायका वर्गात कुजबुजत.

मतदान याच वर्गात झालं. पुठ्ठ्याचा आडोसा नेमका माझ्यासमोर होता. रघुनाथ आला. त्याने शिक्का उचलला. मग तो शेवंतीला मिळालेल्या चिन्हावर घट्ट दाबला, कागदाची घडी केली आणि कुणाकडे न बघता निघून गेला.

शेवंती हरली. शालिनीबाईंची बदली पार्से गावी झाली. शाळेला कुलूप लागणार, त्याच्या आदल्या दिवशी शेवंती एकटीच आली. तिने मला ओल्या फडक्याने पुसलं आणि रिकाम्या वर्गाला म्हणाली, "लोकांचां सोड. घोवान तरी माका मत दिलां आसतलां मरे?"

इतकी वर्षं मी दुसऱ्यांचे शब्द अंगावर बाळगले. तिच्या नवऱ्याचं मत मी पाहिलं होतं, तरी त्या दिवशी तिच्यासाठी स्वतःचा एक 'होय' मला उमटवता आला नाही. ती डोळे पुसत गेली.

आता मला भेगा पडल्यात. खालची कड वाळवीने खाल्लीय. विनंती आहे ती एकट्या रघुनाथला. बाबा, मत गुप्त असतं हे खरं. पण बायकोच्या कानात ते सांगायला कुठल्याच कायद्याची मनाई नाही.