बातमीदार मल्लेश शनीवर राहत नाही

मित्रांनो, मी एक जुना बातमीदार हाय. ‘आहे’ नाही, ‘हाय’. पहिल्याच ओळीला तुमच्या बाईंनी लाल पेन उचललं असेल, तर त्यांना म्हणावं जरा दम धरा. मला शुद्ध लिहिता येतं. पुढे लिहूनही दाखवतो. पण स्वतःची ओळख मी माझ्याच बोलीत करून देणार, कुणाला आवडो न आवडो.

माझं नाव मल्लेश. मी हाडामांसाचा माणूस नाही, चित्रकथेतला आहे. पंचेचाळीस वर्षांपूर्वी लातुरात, गोलाईजवळच्या एका छोट्या छापखान्यात माझा जन्म झाला. छापखाना सिद्रामप्पांचा. लग्नसराईत ते पत्रिका छापायचे आणि लग्नसराई संपली की चित्रं काढत बसायचे. त्यांना आकाशाचं लई वेड. उडत्या तबकड्या, यंत्रमानव, तीन डोळ्यांचे राजे, असलं काहीबाही काढायचे. त्यातून ‘अंतराळवीर तेजोमय’ नावाचं मासिक निघालं. दोन रंगांत, खरबरीत कागदावर. त्याचे अकरा अंक छापले गेले.

मुखपृष्ठावर अर्थातच तेजोमय. ही एवढी रुंद छाती, केसाची बट कपाळावर, आणि युद्ध झालं तरी कपड्याची इस्त्री मोडत नाही. मी त्याच्या मागे कोपऱ्यात. पांढरा शर्ट, पायजमा, खांद्यावर शबनम, कानावर पेन्सिल. अवकाशात श्वास घेता यावा म्हणून डोक्यावर काचेचा टोप दिला होता. टोप कसला, अप्पांनी समोर लोणच्याची बरणी ठेवून काढला होता तो. माझं काम काय, तर तेजोमयच्या मागे पळायचं, बातमी टिपायची आणि दर अंकात एकदा राक्षसांच्या तावडीत सापडायचं. मला सोडवलं की टाळ्या त्याला. आयत्या बिळावर नागोबा!

पण मित्रांनो, बोलायला लागलो की मी कुणाला ऐकत नव्हतो. चित्रकथेत प्रत्येकाच्या तोंडाजवळ एक गोल काढतात आणि त्यात त्याचं बोलणं लिहितात. आम्ही त्याला फुगा म्हणतो. तेजोमयच्या फुग्यात असायचं, ‘हे मानवजातीच्या शत्रो, सावध हो!’ आणि माझ्या फुग्यात, ‘मालक, दमानं घ्या, ते लई जण हायती.’ कुठल्याही ग्रहावर उतरलो की माझा पहिला प्रश्न ठरलेला, ‘पाण्याचं कसं हाय तुमच्याकडं?’ लातूरचा माणूस दुसरं काय विचारणार? गुरूचा क्रूर सम्राट तर हा प्रश्न ऐकून सिंहासनावरून खाली उतरला आणि अर्धं पान स्वतःचं रडगाणं सांगत बसला. उदगीर, निलंगा, देगलूरहून पोरांची पत्रं यायची. सगळ्यांचं एकच म्हणणं, मल्लेशला जास्त बोलू द्या. तेजोमयला आख्ख्या वर्षात एक पत्र आलं. त्यात त्याचे बूट कुठे मिळतात एवढंच विचारलं होतं.

आता एक बातमी देतो. ती इतकी वर्षं फक्त तिघांना ठाऊक होती. सिद्रामप्पा चित्रं झकास काढायचे, तेजोमयची भाषणं ठोकायचे, पण माझ्या फुग्यापाशी आले की पेन्सिल चावत बसायचे. शेजारी त्यांची बायको शिवगंगा पत्रिकांच्या पाकिटांवर पत्ते लिहीत असायची. ती मान वर न करता म्हणायची, ‘असं न्हाई म्हणणार त्यो. आणा हिकडं.’ आणि फुगा भरून द्यायची. अकराच्या अकरा अंकांतला माझा एकूण एक शब्द तिचा आहे. अंकावर मात्र छापलेलं असायचं, ‘कथा व चित्रे : सिद्रामप्पा’.

मग बारावा अंक निघालाच नाही. अप्पा पुन्हा पत्रिकांकडे वळले. मी पत्र्याच्या पेटीत, पत्रिकांच्या नमुन्यांखाली जाऊन पडलो. माझे काही भाऊबंद भज्याच्या गाड्यावर गेले, तोंडावर तेलाचे डाग घेऊन. काहींच्या होड्या झाल्या. अप्पाही वारले. मी रडलो बिडलो नाही. बातमीदार रडत नसतो, नोंद करतो.

शिवगंगा आता सत्तरी ओलांडून गेली आहे आणि नांदेडला लेकीकडे राहते. लेक आरती कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. लातूरचं घर आवरताना तिने पेटी उघडली, आम्हाला पाहिलं आणि सगळा गठ्ठा रविकिरण नावाच्या प्रकाशकाकडे नेऊन दिला. स्टेशनजवळ दोन खोल्यांत त्याचं प्रकाशन चालतं, तेही मुलांच्या पुस्तकांचं. तो म्हणाला, ‘मॅडम, हे सोनं आहे. आपण सगळं नव्याने छापू आणि पुढचे भागही काढू.’ मी तर हरखूनच गेलो. जाड कागद! चार रंग! म्हटलं मल्लेशा, पांग फिटले.

कुठले फिटतात! महिन्याभराने तपासायला कच्ची प्रत घरी आली. तेजोमय जसाच्या तसा. माझ्या फुग्यात मात्र काय लिहिलंय? ‘महोदय, संयम बाळगावा. त्यांची संख्या अधिक आहे.’ पुढे वाचतो तर, ‘आपल्या ग्रहावरील जलव्यवस्था कशी आहे?’ माझ्या तोंडात कुणीतरी दुसऱ्याची कवळी बसवल्यासारखं झालं.

आणि कहर तर शेवटच्या पानावर होता. अकराव्या अंकाच्या अखेरीस तेजोमयचं यान शनीवर मोडून पडतं आणि तो पृथ्वीकडे मदत मागतो. मी इकडे यानात उडी मारतो आणि ओरडतो, ‘दम धरा मालक, मी शनीवर येऊन राहिलो!’ आमच्याकडचं शेंबडं पोरगंही सांगेल की ‘येऊन राहिलो’ म्हणजे येतोय, वाटेत आहे. रविकिरणने काय समजावं? मी आलो आणि राहिलो! त्याने दुरुस्ती केली होती, ‘धीर धरावा. मी शनी ग्रहावर वास्तव्यास आलो आहे.’ आणि समासात टीप, ‘मल्लेश शनीवर स्थायिक. पुढील भागांतून पात्र वगळावे.’

म्हणजे बघा! मालक तिकडे मरणाच्या दारात आणि मी शेजारी खोली करून राहिलो! माझी भाषा गेली ती गेलीच, वर नोकरीही गेली. आणि माझ्यापेक्षा मोठं नुकसान शिवगंगेचं होतं. या जगात तिचं छापलेलं असं जे काही आहे, ते माझ्या फुग्यातच आहे. ते पुसलं की ती पुसली.

तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर चष्मा लावून सगळी प्रत वाचली. आरती म्हणाली, ‘अव्वा, छान झालंय की. शाळेतल्या मुलांना शुद्धच पाहिजे.’

‘ह्येला मल्लेश म्हणत्यात व्हय?’ शिवगंगा म्हणाली. ‘ह्यो तर तहशीलदार हाय. चल, मला त्या पोराकडं घिऊन चल.’

‘आत्ता?’

‘मग काय छापून झाल्यावर?’

ऑटोतून दोघी स्टेशनकडे निघाल्या. मी आरतीच्या पिशवीत. रविकिरणने उठून खुर्ची दिली, पाणी दिलं. पोरगा वाईट नाही. तो म्हणाला, ‘काकू, तुमचा राग कळतो मला. पण बोलीत छापलं की शाळा म्हणतात अशुद्ध आहे, पुस्तक परत पाठवतात. मी निलंग्याचा. पुण्यात चार वर्षं शिकायला होतो. मी तोंड उघडलं की खोलीतली पोरं हसायची. तेव्हापासून मी तोंड सांभाळून बोलतो. या मुलांवर ती वेळ येऊ नये, एवढंच.’

आता खोटं कशाला बोलू, ते ऐकून मलाही वाईट वाटलं. शिवगंगा काही बोलणार, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याची आई गावाहून आली होती आणि बसस्टँडवर उभी होती. आईचा आवाज ऐकताच पोराचं पुणं पार वितळून गेलं.

‘हाव माय, येऊन राहिलो. तू रसवंतीपाशी थांब. न्हाई न्हाई, आत्ताच निघून राहिलो.’

त्याने फोन खाली ठेवला. शिवगंगा त्याच्याकडे बघतच होती. ‘कुठं येऊन राहिलास बाबा? स्टँडवर? बिऱ्हाड घिऊन जातूस, का मोकळाच?’

आरतीने दस्ती तोंडाला लावली, पण हसू काही दबलं नाही. रविकिरणला आधी कळेना. मग त्याने समोरची प्रत ओढली, शेवटचं पान काढलं आणि त्याचे कान लालबुंद झाले.

‘अगागा! काकू, म्हणजे हा तिथं राहायला गेलाच नाही.’

‘न्हाई रं बाबा. निघालाय त्यो. आन् तू त्येला घर बांधून दिलास.’

तोही हसला. कपाळावर हात मारून म्हणाला, ‘चुकलो. अप्पांचे शब्द होते तसेच छापतो. एक काना-मात्रा बदलत नाही.’

झालं होतं की काम! चहा घेऊन घरी जाता आलं असतं. शिवगंगेने खुर्चीचा हात धरून उठायलाही घेतलं. मी मनातल्या मनात ओरडलो, बाई, आता गप बसलीस तर मी जन्मभर तुझ्याशी बोलणार नाही! ती पुन्हा खाली बसली.

‘अप्पांचे न्हाईत ते,’ ती म्हणाली. ‘माझे हायत.’

‘अव्वा?’ आरती वळून आईकडे बघायला लागली.

रविकिरणही गोंधळला. मग काहीतरी आठवून त्याने कपाटातून त्याच गठ्ठ्यातलं एक मोठं पाकीट काढलं. बाराव्या अंकाची चित्रं. काढून पूर्ण, पण कधी न छापलेली. तेजोमयचे फुगे अप्पांच्या अक्षरात गच्च भरलेले. माझे सगळे कोरे. कोरे तरी कसे म्हणू, पेन्सिलीने लिहून, खोडून, पुन्हा लिहून, पुन्हा खोडून कागद पातळ झालेला.

‘मला वाटलं शाई उडाली असेल,’ रविकिरण म्हणाला.

‘तवा ही झाली,’ शिवगंगेने आरतीकडे बोट दाखवलं. ‘मी माहेरी उदगीरला हुते. ह्यांनी लई खटपट केली, पर मल्लेश काय त्येंच्या हातून बोलला न्हाई. मी आले तवर छापखान्यात पत्रिकांचा ढीग पडलेला. मग लेकरू, घर. त्यांनी पुन्यांदा इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई.’

‘तुला वाईट नाही वाटलं?’ आरतीने विचारलं.

‘लई वाटलं. अजून वाटतंय.’

आरतीने आईचा हात घट्ट धरला. मग शिवगंगा रविकिरणवर खेकसली, ‘बघत काय उभा ऱ्हायलास? माय उन्हात हाय तुजी. जा, घिऊन ये. आन् ती पेन्सिल ठिऊन जा.’

मित्रांनो, जुन्या पुस्तकांना पुठ्ठा घाला, कोपरे दुमडू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. घाला पुठ्ठा, माझी ना नाही. पण नुसता कागद जपून काय करता? त्यातलं बोलणं जपा. ते कुणी तुमच्या तोंडातून काढून घेऊन जागी दुसरं ठेवायला आलं, तर भांडा. आणि तुमच्या घरात पाकिटांवर पत्ते लिहिणाऱ्या बाईला डोक्यात काय चाललंय ते जरा विचारून बघा. मी विनवणी करत नाही, ठणकावून सांगतोय.

रविकिरण आईला घेऊन परत आला, तोवर शिवगंगेने माझे सगळे फुगे भरून टाकले होते. एकदाही खोडलं नाही. रविकिरणच्या माउलीने पिशवी खाली ठेवली, पदराने घाम पुसला आणि टेबलावरची पानं उचलून मोठमोठ्याने वाचायला सुरुवात केली. एकेका फुग्याला खळखळून हसत होती. वाचत वाचत ती शेवटच्या चित्रावर आली. शनीचा राजा तेजोमयच्या गळ्यात हार घालतोय, सगळा दरबार टाळ्या वाजवतोय, आणि मागे मी, पेन्सिल उगारून, तोंड वासून उभा. चव्वेचाळीस वर्षं तसाच मुका उभा होतो. त्या माउलीने माझा फुगा वाचला.

‘थांबा! ह्ये समदं लिवलं कुणी, त्ये इचारा की आधी!’

रविकिरणची आई हसली, चष्मा वर केला आणि सहज म्हणाली, ‘खरंच की. कुणी लिवलं हो ह्ये?’

‘मी,’ ती म्हणाली. ‘शिवगंगा.’