न वाचलेला प्रश्न

जाणूनबुजून केलेल्या दोषाची बोचणी माणूस कसाबसा सोसतो. परंतु न वाचता दिलेल्या नकाराचे ओझे कोणाच्या खांद्यावर ठेवावे, हे शास्त्रही चटकन सांगत नाही.

रुग्णालयाच्या संगणक विभागात सगळे ज्यांना मामा म्हणत, ते खरे मामा एकीचेच. भाचीला त्यांनीच येथे लावून दिले होते. रक्ततपासणीचे अहवाल सांभाळणारा जुना सर्व्हर काल तिने मोडीत काढला आणि त्यातली यंत्रणा जशीच्या तशी व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे दुसऱ्या मोठ्या संगणकाच्या पोटात चालणाऱ्या आभासी संगणकावर, हलवली. आज सकाळी ती सुरूच होईना. काळ्या पडद्यावर एकच ओळ: डिस्क सापडत नाही. बाहेर खिडकीपाशी रांग वाढत होती.

"चाचणी घेतली होतीस?" विभागप्रमुख कडाडले.

"घेतली होती, सर. पण दुसऱ्या कर्नलवर." कर्नल म्हणजे यंत्रणेचा गाभा; संगणकाचा कुठला भाग चालवता येईल ते त्याच्यावर ठरते.

"म्हणजे शेजाऱ्याचं माप घेऊन ह्याचा सदरा शिवलास! आजच खुलासा दे. नोकरीचं मग बघू."

"मामा, माझं काय चुकलं हो?" भाचीने विचारले.

मामांनी कर्नलच्या निवडींची फाईल उघडली. अकरा वर्षे तो कर्नल तेच बांधत आले होते. प्रत्येक नवी आवृत्ती शेकडो प्रश्न विचारी: हा ड्रायव्हर, म्हणजे अमुक भाग चालवणारा तुकडा, हवा की नको? शेजारी तयार उत्तर असे. एका हातात चहाचा पेला धरून मामा दुसऱ्या हाताने एन्टर दाबत जात. "कर्नल लिहिणाऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं," हे त्यांचे ठरलेले वाक्य. व्हर्च्युअल डिस्कच्या ड्रायव्हरपुढे तयार उत्तर होते 'नको'. खऱ्या सर्व्हरवर त्या नकाराने कधीच काही अडले नव्हते.

निवृत्तीला सव्वीस दिवस उरले होते. ती फाईल दुसरे कोणी उघडणार नव्हते.

"खुलासा मी लिहितो," मामा म्हणाले. "हा 'नको' माझा आहे."

"अहो मामा, जाता जाता कशाला हात पोळून घेता? निरोपसमारंभ ठरलाय तुमचा," विभागप्रमुख म्हणाले.

"तो राहू द्या."

त्यांनी भाचीला शेजारी बसवले आणि एकेक प्रश्न मोठ्याने वाचायला लावला. तो ड्रायव्हर आला तेव्हा 'हो' तिनेच लिहिले. नवा कर्नल बांधून यंत्रणा सुरू व्हायला दुपार कलली. तोवर रांगेतली एक म्हातारी रिकाम्या हाती वॉर्डात परतली होती. अहवालावाचून तिच्या मुलाची शस्त्रक्रिया पुढे गेली होती. तो अहवाल छापून मामा स्वतः वॉर्डात देऊन आले. म्हातारीने तो घेतला, पण त्यांच्याकडे पाहिले नाही.

समारंभ झाला नाही.

त्या मुलाला आरोग्य लाभो. भाचीच्या बोटाला क्षणभर थांबण्याची बुद्धी होवो. आणि मामांना निवांत झोप लागो.