धरणाऱ्याकडे बघणारी चंद्रकोर

मी एक जुना झेंडा आहे आणि मित्रांनो, मी रागावलेलो आहे. झेंड्याला कुठला आलाय राग, असं म्हणू नका. अल्जीयर्सच्या समुद्रावरून वारा सुटला की मी फडफडतो, असा तुमचा समज आहे. वारा नुसता निमित्ताला असतो. मी आदळआपट करत असतो.

माझ्यावर दरवर्षी भाषण होतं. आमच्या मोहल्ल्याच्या सभागृहाचे प्रमुख सी लखदर, सी म्हणजे श्रीयुत, घसा खाकरतात आणि सांगतात, "हिरवा म्हणजे आपली श्रद्धा आणि आपली जमीन. पांढरा म्हणजे शांती. लाल म्हणजे हुतात्म्यांचं रक्त!" टाळ्या पडतात. मी काचेच्या पेटीत दात खात बसतो. दात नाहीत, म्हणून टाके खातो. अहो, अर्थ मागाहून आले. आधी कापड आलं. ते कुठून आलं, हे कधी कुणी विचारलं का?

तर ऐका. माझा पांढरा भाग म्हणजे दोन बहिणींच्या आईचा हायक. बायका घराबाहेर पडताना डोक्यापासून टाचेपर्यंत पांघरतात ती पांढरी चादर. ती म्हातारी वारली आणि हायक पेटीत राहिला. माझा हिरवा भाग म्हणजे थोरल्या बहिणीच्या, वरदियाच्या, लग्नाच्या गादीवर घालायचं साटिन. नवरा डोंगरात फ्रेंचांशी लढायला गेला होता, गादी कोरीच होती. आणि माझा लाल भाग? तो मी सांगितला की लोक म्हणतात, हा झेंडा थापा मारतो. मारतो, नाही असं नाही. पण ही थाप नाही.

धाकटी बहीण तसादीत फ्रेंच साहेबाच्या कचेरीत फरशी पुसायची. एकदा साहेबानं तिला आपला झेंडा धुवायला दिला. निळा, पांढरा, लाल. तिनं तो धुतला, वाळवला, इस्त्री केला, घडी घातली आणि परत दिला. फक्त लाल पट्टा तेवढा कापून घेतला. दुसऱ्या दिवशी कचेरीवर निळा-पांढरा झेंडा चढला आणि पहाऱ्याचा शिपाई त्याला संध्याकाळपर्यंत सलाम ठोकत राहिला. खोटं वाटत असेल तर त्या शिपायाला विचारा.

मला शिवलं हमामात. हो, बायकांच्या न्हाणीघरात, दुपारच्या बायकांच्या वेळेला. आमच्या कस्ब्यात, जुन्या शहरात, फ्रेंच सैनिक घरात घुसायचे, गच्चीवर चढायचे, धान्याच्या रांजणात संगीन खुपसून बघायचे. पण बायका आंघोळीला बसलेल्या हमामात शिरायची छाती त्यांनाही नव्हती. एकदा एक जण दाराशी आलाच. हमाम चालवणारी अल्जिया कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"झडती घ्यायची आहे," तो म्हणाला.

"घे की, राजा. आत शंभर बायका आहेत, सगळ्या आईनं जन्माला घातल्या तशा. आधी तुझ्या आईची चिठ्ठी आण, मग सोडते."

तो सैनिक माझ्या चंद्रकोरीपेक्षा लाल झाला. आत बायका पाण्याची भांडी बडवून हसत होत्या, आणि त्या गोंगाटात मी तसादीतच्या मांडीवर होतो. वाफेनं माझा हिरवा रंग शिवणीपाशी पांढऱ्यात उतरला. आजही तिथे शेवाळासारखी रेघ आहे. सी लखदर तिला "धुण्यातली चूक" म्हणतात.

तेव्हा आमच्यापैकी कुणी नीट शिवलेला झेंडा हातात धरून पाहिला नव्हता. ज्याला जसा आठवला तसा त्यानं शिवला. कुणाची चांदणी भाकरीएवढी, कुणाची खजुराच्या बीएवढी. माझी चंद्रकोर आणि चांदणी तसादीतनं शिवली. ती डावखुरी होती, टाके सगळे उलट्या बाजूला कललेले. शिवून झाल्यावर वरदियानं मला उचललं आणि कपाळाला हात लावला.

"अगं ए, उलटी लावलीस की! कोरीचं तोंड पांढऱ्याकडे हवं. हिनं तर काठीकडे तोंड केलंय."

"काठीकडे नाही केलं, ताई. काठी धरणारीकडे केलंय," तसादीत सुई दातात धरून म्हणाली. "उद्या मोर्च्यात काठी मी धरणार आहे. तिला माझ्याकडे बघू दे. सैनिकांकडे बघून ती काय करणार?"

"लोक हसतील."

"हसू देत. मीपण हसतेय."

दुसऱ्या दिवशी डिसेंबरच्या थंडीत सगळं शहर रस्त्यावर उतरलं. गच्च्यांवरून बायकांची जिभेची ललकारी उठली, ती यूयूची किलकारी, अशी उठली की बंदरातल्या जहाजांनी घाबरून नांगर उचलले. माझी काठी तसादीतच्या हातात होती. मी कुणाकडे बघत होतो, ते आता तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून पुढचं मी पाहिलं. सगळं पाहिलं. त्याबद्दल मी थापा मारत नाही.

तिला गोळी लागली. सैनिकांनी तिला गाडीत टाकून नेलं. प्रेत दिलं नाही. कुठं पुरलं, सांगितलं नाही. मला एका अनोळखी बाईनं हायकखाली पोटाशी गुंडाळलं, गरोदर बाईसारखी पाठीवर हात ठेवून ती नाक्यावरून चालत गेली आणि मला हमामात अल्जियाच्या हाती दिलं. माझ्या पांढऱ्या भागावर एक तपकिरी डाग आहे. सी लखदर पाहुण्यांना सांगतात, "हा काठीच्या खिळ्याचा गंज." गंज! मित्रांनो, माझ्या काठीला खिळा कधीच नव्हता.

स्वातंत्र्य आलं. मी वरदियाच्या गच्चीवर इतका फडकलो की सूर्य मला बघत रेंगाळला आणि त्या दिवशीची रात्र उशिरा झाली. नवरा डोंगरातून परतला. वरदियानं हिरव्या साटिनाशिवायच संसार मांडला. दर शुक्रवारी लोक आपल्या माणसांच्या कबरीवर जात, मातीवर पाणी शिंपडत. वरदियाला जायला कबर नव्हती. ती मला मांडीवर घेई आणि चंद्रकोरीच्या टाक्यांवरून बोट फिरवी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तेच तिचं कब्रस्तान. सबंध जगात तसादीतच्या हाताचं एवढंच उरलं होतं.

मग एका समारंभाला मोहल्ल्यानं मला मागून नेलं. "एका दिवसापुरता, लल्ला वरदिया," म्हणाले. लल्ला म्हणजे बाईसाहेब. तो दिवस अजून मावळलेला नाही. आधी मी कपाटात होतो. तिथे माझ्यावर पुदिन्याच्या चहाचं तबक ठेवत, माझ्यावर! उंदरानं माझा कोपरा चाखला आणि त्याला तो आवडला नाही, हा त्यातल्या त्यात माझा सन्मान. नंतर काचेची पेटी आली. वरदिया शुक्रवारी येऊन पेटीच्या काचेवरून बोट फिरवायची. रखवालदार मागून ओरडायचा, "काच मळते, आजी!"

फुटबॉल सामन्याच्या दिवशी माझी हजारो नायलॉनची भावंडं गाड्यांना बांधलेली मी खिडकीतून पाहतो. दुसऱ्या दिवशी गटारात. तरी त्यांचा मला राग नाही. ज्यांनी त्यांना धरलं होतं ते तरी आनंदात होते. मला राग आहे तो मला जपणाऱ्यांचा.

कारण यंदा काय ठरलं, ऐका. मोर्च्याच्या स्मृतिदिनाला मंत्रालयातून पाहुणे येणार, आणि मला पेटीतून काढून काठीवर चढवणार. आणि सी लखदरना अचानक दिसलं, की माझी चंद्रकोर उलटी आहे. स्वातंत्र्यानंतर झेंड्याचा कायदा झाला, त्यात कोर केवढी आणि तोंड कुठे ते सगळं आलं. त्यांनी अझूझ शिंप्याला बोलावलं.

"कोर आणि चांदणी उसव. नीट करून लाव. सरळ."

"जुनं कापड आहे, सी लखदर. फाटेल."

"मग नवं लाल लाव! पाहुण्यांसमोर उलटा झेंडा चढवू?"

अझूझनं मला टेबलावर पसरलं आणि कात्रीचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं. कट्. मित्रांनो, गोळी मला भोक पाडून गेली होती, तेव्हाही मी ओरडलो नव्हतो. त्या दिवशी मी असा ओरडलो, की कस्ब्यातली सगळी मांजरं छपरावरून खाली आली. माणसांना ऐकू गेलं नाही. माणसांचं असंच असतं.

पण तो शुक्रवार होता. दारात वरदिया उभी होती.

"कुणाचं उसवतोयस रे?"

"चूक आहे ती, लल्ला," सी लखदर म्हणाले. "फक्त दुरुस्त करतोय. तुमच्या बहिणीच्याच सन्मानासाठी."

"तिच्या सन्मानासाठी? तिची कबर दाखव मला. दाखव! फुलं घेऊन येते." वरदिया टेबलापाशी आली. टेकायची काठी तिनं जमिनीवर आपटली. "नाही ना दाखवता येत? मग ही तिची कबर आहे. आणि तू ती कात्रीनं खणतोयस."

"पण पाहुणे हसतील, लल्ला..."

"हसू देत. तीही हसत होती."

भाषण नसताना सी लखदरनी माझ्याकडे पहिल्यांदाच पाहिलं. मग टोपी काढून ते खुर्चीवर बसले. अझूझनं कात्री खिशात घातली आणि लाल दोरा सुईत ओवून पुढे केला, कारण वरदियाला आता सुईचं नेढं दिसत नाही.

वरदिया आयुष्यभर उजव्या हातानं शिवत आली. त्या दिवशी तिनं सुई डाव्या हातात घेतली. दोनदा बोटाला टोचलं, टाका वाकडा पडला. उलट्या बाजूला कललेला. बाकीच्यांसारखाच.

मित्रांनो, मला सलाम ठोकू नका. सलामाला मी निळ्या-पांढऱ्या चिंधीइतकाच लायक आहे, हे त्या शिपायानं सिद्ध केलं आहे. माझे रंग पाठ म्हणू नका. तुमच्या गावात जो जुना झेंडा असेल, तो कुणी शिवला ते विचारा. त्याला धुवा, सावलीत वाळवा, कसर लागू देऊ नका. आणि त्याच्यात तुम्हाला एखादी चूक दिसली, तर कात्री घेण्याआधी शिवणारीचं नाव विचारा. नाव ठाऊक नसेल, तर हात मागे घ्या.

स्मृतिदिनाला पाहुणे आले. मला काठीवर चढवलं. काठी धरायला सी लखदर पुढे झाले, मग थांबले आणि बाजूला सरले. वरदियानं काठी धरली. समुद्रावरून वारा आला, आणि त्या दिवशी मात्र मी आदळआपट केली नाही. कुणीतरी मागून कुजबुजलं, "कोर उलटी आहे की!"

गच्च्यांवरून बायकांची यूयू उठली. वरदियानं मान वर केली. तसादीतची चंद्रकोर तिच्याकडेच बघत होती.