पुराव्याचा रकाना

आईने चष्मा रुमालाने पुसला, पुन्हा चढवला आणि लॅपटॉपच्या पडद्याला नाक लागेल इतकी पुढे वाकली.

"ही मी नाही," ती म्हणाली.

"आई, नीट बघ तरी. डाव्या हातात बाटली धरलीय. तुमच्या खात्यात डावखुरी तू एकटीच होतीस ना?"

"होते की. पण ही मी नाही."

फोटो काचेच्या कारखान्यातल्या तपासणी खात्याचा होता. बाकावर सात बायका, मधली एकटी बाटली उजेडापुढे धरून तिच्यातले बुडबुडे शोधणारी, तोंड बाटलीआड अर्धं झाकलेलं. खाली निळ्या अक्षरांत टॅग होते: कारखाना, तपासणी, स्त्री कामगार आणि शेवटी आईचं पूर्ण नाव. टॅगवर क्लिक केलं की त्या नावाचे सगळे फोटो समोर यायचे. आईच्या बाबतीत सगळे म्हणजे हा एकच. तिच्या नावापुढे कंसात एकचा आकडा होता.

हा टॅग लेकीने आठ दिवसांपूर्वी लावला होता, आणि तोही चोरून. संग्रहालयाच्या ऑनलाइन संग्रहात अकरा हजार फोटो होते आणि कुठल्या फोटोला कुणाचं नाव लागायचं हे तीच ठरवायची. नियमही तिचाच. फोटोच्या मागे किंवा कारखान्याच्या कागदांत नाव असेल तरच टॅग. 'कौटुंबिक आठवण पुरावा म्हणून ग्राह्य धरली जात नाही,' हे वाक्य तिने स्वतः बेतलं होतं आणि तिला त्याचा चांगलाच अभिमान होता. मालकाच्या नावाखाली तीनशे चार फोटो निघत, त्याच्या कुत्र्याच्या नावाखाली बारा. त्यांची नावं फोटोंमागे सुवाच्य अक्षरात लिहिलेली होती. बायकांच्या फोटोंमागे काही लिहायचे कष्ट कुणी घेतले नव्हते. त्या सगळ्यांना मिळून एकच टॅग होता, 'अनोळखी स्त्री', आणि त्याचा आकडा चारशेच्या वर गेला होता.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आई एकदा हसत म्हणाली होती, "बावीस वर्षं बाटल्या तपासल्या मी. टाक की माझं नाव, बघू काय येतंय." काहीच आलं नाही. "जाऊ दे," म्हणून आई भांडी घासायला गेली. घरातला प्रत्येक ग्लास ती धुतल्यावर सवयीने उजेडाला धरून बघायची. त्या दिवशी तिने ग्लास न बघताच पालथे घातले. लेकीला ते सहन झालं नाही. तिने अनोळखी बायकांचे सगळे फोटो पालथे घातले, त्यात ही डावखुरी सापडली आणि नियम खुंटीला टांगून तिने पुराव्याच्या रकान्यात 'कारखान्याची हजेरी' असं धडधडीत खोटं लिहिलं.

"अगं, हा फोटोच उलटा आहे," आई म्हणाली.

"उलटा कसा असेल?"

"भट्टीकडचं दार या बाजूला नव्हतंच. आणि खिसे बघ. आमच्या एप्रनला खिसा उजवीकडे असायचा. इथे सातही जणींचा डावीकडे."

लेकीने फोटो मोठा करून खिसे पाहिले. निगेटिव्हची उलटी बाजू वर ठेवून स्कॅन झालं होतं आणि ते तपासून सही करणारी तीच होती.

"म्हणजे ही उजव्या हाताचीच. फुंकर आहे ही, आमची फुंकर! बाटली बघण्याआधी फू करायची, म्हणून ते नाव पडलं." आईने तिचं खरं नावही सांगितलं.

"आणि तू?"

"मी कुठली असणार त्यात? फोटोवाला आला तेव्हा मी रजेवर होते. तू झाली होतीस."

आईने तिच्या हातावर थोपटलं.

"तिचं नाव लाव. आणि तिच्या नवऱ्याला दाखव. फार जीव त्याचा तिच्यावर. सुटायच्या वेळी फाटकाशी उभा असायचा, आम्ही चिडवायचो. खूश होईल बिचारा."

ते नाव लेकीने आधी वाचलेलं होतं. ते तिने आईला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचल्या पोचल्या तिने ईमेलमधला 'उत्तर दिलेली पत्रे' हा फोल्डर उघडला. फुंकरच्या नवऱ्याची तीन पत्रं होती. तिसरं दीड वर्षापूर्वीचं. ते तिने तेव्हा पहिल्या ओळीपुढे वाचलंच नव्हतं. आता वाचलं.

'फोटो उलटा लागला आहे, कृपया खिसे पाहावेत. पत्नीची नजर जात चालली आहे. तिला वाचता येतंय तोवर नाव लावलंत तर उपकार होतील.'

खाली तिचं उत्तर होतं, पत्र आल्यापासून चार मिनिटांत गेलेलं. कौटुंबिक आठवण पुरावा म्हणून ग्राह्य धरली जात नाही.

पत्रातल्या नंबरवर तिने फोन लावला. त्यांच्या सुनेने उचलला.

"आई गेल्या वर्षी गेल्या. दोन महिन्यांत बाबाही. तो फोटो होय? बाबा रोज सकाळी उघडून बघायचे, नाव आलं का म्हणून. आता लावून काय करायचंय?"

"माफ करा," ती म्हणाली. पलीकडून फोन ठेवला गेला होता.

तिने फोटो सुलटा केला. फुंकरचं खरं नाव लावलं आणि पुराव्याच्या रकान्यात 'पतीची तीन पत्रे' असं लिहिलं. मग आईचं नाव काढलं. पडद्यावर चौकट उघडली: 'या टॅगखाली आता एकही फोटो नाही. टॅग कायमचा काढायचा?' बाकीच्या चारशे फोटोंत आई नव्हती, ते तिने आठवड्यापूर्वीच पाहिलं होतं. तिने 'हो' दाबलं.

संध्याकाळी आई ओट्याशी भांडी धूत होती.

"लावलंस का गं फुंकरचं नाव?"

"लावलं."

"आणि नवऱ्याला कळवलंस? काय म्हणाला?"

लेकीने पर्स खुर्चीवर ठेवली. तिचा पट्टा नीट गुंडाळला.

"खूश झाला," ती म्हणाली.

"बघ, म्हटलं नव्हतं मी?" आईने हातातला ग्लास डाव्या हाताने दिव्यापुढे धरला आणि त्याच्यावर हलकेच फुंकर मारली.